कासाराकडचा पेंढा

दादा,

चिडले की मी तुला मेल्या म्हणायचे. आई होती तोवर दटावायची, 'अगं, मोठा आहे तो तुझ्याहून.' मोठा कसला, तीन-चार वर्षांनी. आज तेच म्हणावंसं वाटतंय, चांगलं ओरडून म्हणावंसं वाटतंय, आणि म्हणता येत नाही. जाता जाता तो एक शब्दही तू माझ्याकडून काढून घेतलास.

तुझं तेरावं झालं. लोक अजून येतात, ओसरीवर बसतात, गुरुजी म्हणजे देवमाणूस असं म्हणतात. मी ऐकते आणि रडते. ते रडणं खरं आहे, बरं का, तुला खोटं वाटायला नको. पण रडून झालं की मी उठून स्वयंपाकघरात जाते. तिथं फळीवर माझा कुकर आहे. माझा म्हणतेय मी. तू माझ्या लग्नात दिलास तो. अख्ख्या कर्जतात तेव्हा असे कितीसे कुकर होते! भांडी मांडली होती तिथं तू त्याच्यापाशी उभा राहून बायकांना झाकण फिरवून दाखवत होतास, जसं काही नवरदेव तोच. माझ्या सासूनं विचारलं, 'फुटला तर?' आणि तू वर्गात शिकवल्यासारखा तिला वाफेचा धडा दिलास.

सासरहून, श्रीगोंद्याहून, मी परत आले तेव्हा अंगावरच्या लुगड्याखेरीज तेवढा कुकरच घेऊन आले होते. काय झालं ते तुला सांगावं लागलं नाही. पाठ वहिनीनंच शेकली होती, आणि दाराआडून तू बघितलीस. तू म्हणालास, 'राहा इथं. कुणाच्या बापाला भ्यायचं कारण नाही.' त्या वाक्यावर मी वर्ष काढलं. ते वाक्य तू बोलला होतास एवढं मात्र मी कधी नाकारणार नाही.

मग तो दुष्काळ आला. बाजारात भाजी म्हणून डोळ्याला दिसेना. तुझा पुण्याचा मित्र शेतकीच्या प्रयोगशाळेत होता, त्याच्याकडून तू एसटीनं एक बाटली घेऊन आलास. तोंडाला कापसाचा बोळा, आत ज्वारीचे दाणे, आणि दाण्यांवर पांढरी बुरशी. वहिनी म्हणाली, 'नासलंय हो ते, टाकून द्या.' तू हसलास. 'हे बी आहे. धिंगरीचं. अळंबीची एक जात. शेत नको, ऊन नको, पाणी म्हणशील तर चार तांबे.' वहिनी म्हणाली, 'म्हणजे कुत्र्याच्या छत्र्या? माझ्या चुलीवर नाही चढायच्या.' तू माझ्याकडे बघितलंस. मी म्हटलं, 'माझा कुकर आहे, माझा स्टोव्ह आहे. मी करते.'

झालं. तुला प्रयोग मिळाला आणि मला काम मिळालं. तेव्हा मला वाटलं होतं की या दोन गोष्टी एकच आहेत.

ते बी वाढायला काड हवं होतं, वाळलेलं गवत किंवा पेंढा. कडबा तर बोलायलाच नको, गुरं छावणीत उपाशी मरत असताना आपण तो बुरशीला घालायचा म्हणजे गावानं दगड मारले असते. मग मला आठवलं, कासाराकडे बांगड्यांच्या पेट्या येतात त्यात भाताचा पेंढा भरलेला असतो. बांगड्या फुटू नयेत म्हणून. मी गेले. कासारकाकांनी हात पुढं केला, 'ये बाई, कोणत्या भरू?' म्हटलं, 'बांगड्या नकोत काका, पेंढा द्या.' दुकानात बसलेल्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं ते मी पाहिलं. नवऱ्यानं टाकलेली आता गवत मागत फिरते, असं झालं असेल त्यांच्या मनात. घरी येऊन तुला सांगितलं तर तू म्हणालास, 'बघू दे. अळंबी उगवली की याच येतील विचारायला.' तुला असं बोलायला छान जमायचं.

पेंढ्यातली काच वेचता वेचता बोटं कापली. विळीवर तो बारीक कापायचा, रात्रभर टपात भिजवायचा, सकाळी निथळत घालायचा. टपातलं पाणी फेकायचं नाही, वहिनीनं आधीच बजावलं होतं, ते सारवायला. मग मूठभर पेंढा घेऊन दाबायचा. हात ओला व्हावा, पण थेंब टपकू नये. टपकला तर अजून निथळू द्यायचा. मग कुकरात भरायचा, दडपून नाही, वाफेला वाट राहील असा. इथं आपलं पहिलं भांडण. तू म्हणायचास, शिट्टी लावून टाक आणि वेळ मोज. मी म्हणायचे, आधी बिनशिट्टीची वाफ जोरात येऊ दे, आतली हवा जाऊ दे, मग लाव. 'पुस्तकात असं नाही,' 'पुस्तकानं कधी डाळ शिजवलीय?' स्टोव्ह भुरभुरतोय, घरभर ओल्या गवताचा वास, आणि आपण दोघं शिट्टीवरून भांडतोय. ते भांडण काही मिटलं नाही. खरं सांगू, ते मिटायला नको होतं. त्या घरात मी माझ्या आवाजात बोलायचे ती तेवढीच वेळ.

एवढ्याशा कुकरात मावणार किती! एक घाणा उतरवायचा, दुसरा चढवायचा. रॉकेलसाठी रांगेत मी उभी राहायचे. वाफवलेला पेंढा धुतलेल्या जुन्या लुगड्यावर गार करायचा, हात साबणानं धुवून बी मिसळायचं, आणि खताच्या पोत्यातलं प्लास्टिकचं अस्तर असतं ना, ते धुवून त्याच्या पिशव्या करून त्यात भरायचं. दाभणानं भोकं पाडायची. बाटलीतलं बी संपलं तेव्हा आपणच नवीन केलं. रेशनवर मिळायची ती लाल मिलो ज्वारी, भाकरी घशाखाली उतरायची नाही, ती अर्धकच्ची शिजवून सलाईनच्या बाटल्यांत भरली आणि कुकरात घातली. माणसांना न गोड लागणारी मिलो बुरशीला मात्र फार आवडली. तू म्हणालास, 'सरकारला कळवायला पाहिजे, ही ज्वारी कुणासाठी आहे ते.' केवढे हसलो होतो आपण! वहिनीसुद्धा हसली.

पहिल्या पिशवीची तेवढी गंमत झाली. वहिनीला राहवेना. नवीन काही घरात आलं की हळदकुंकू वाहायचं, शिलाईचं मशीन आलं तेव्हाही वाहिलं होतं. तिनं पिशवीचं तोंड सोडून आत पेंढ्यावरच चिमूटभर हळद आणि कुंकू वाहिलं, नमस्कार केला आणि पुन्हा बांधून ठेवलं. सगळ्या पिशव्यांत पांढऱ्या बुरशीचा कापूस धरला, त्या एकीत हळदीच्या जागी टक्कल पडलं आणि पुढं त्या टकलावर हिरवं आलं. तू मला दाखवलंस, 'माले, पांढरं आपलं, हिरवं परकं. हिरवं दिसलं की ती पिशवी घराबाहेर.' वहिनीला फार लागलं ते. त्यानंतर तिनं पिशव्यांच्या खोलीत पाऊल टाकलं नाही. हे लक्षात ठेव दादा, मला पुढं लागणार आहे.

आणि एक दिवस भोकांतून टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके आले, आणि बघता बघता त्यांचे कान झाले. मोरीला लागून असलेल्या त्या अंधाऱ्या खोलीत गोणपाटाच्या पडद्याआड पांढऱ्या छत्र्यांचे घोस लटकत होते. तू मला हाताला धरून नेलंस. मी लगेच एकेक घोस मोजायला लागले. तुला वाटलं मला आनंद झालाय. मला आनंद नव्हता झाला, मला धीर आला होता. दोन्हींत फरक असतो, तो तुला कधी कळला नाही. तुझं पोट मास्तरकीवर भरत होतं.

नगरला कॅम्पात लष्कराच्या मेसला माल पुरवणारा एक कंत्राटदार होता. तुझ्याच ओळखीनं मी त्याला टोपली नेऊन दाखवली. तो म्हणाला, साहेब लोक खातात, डब्यातली खातात, ताजी मिळाली तर दर आठवड्याला घेईन, पण भरपूर पाहिजे आणि नेमानं पाहिजे. परतताना एसटीत मी मनातल्या मनात खोली भाड्यानं घेतली, त्यात फळ्या मारल्या, खिडकीला गोणपाट लावलं. घरी येऊन तुला सांगितलं. तू जेवत होतास. तू म्हणालास, आणि वहिनी वाढत होती, तिनंही ऐकलं, 'ही मोठी खेप निघू दे. निघाली, की तुला श्रीगोंद्याला जायचं कारण नाही. ते लोक आले तर मी स्वतः त्यांना तोंडावर सांगेन.'

मग मी झपाटल्यासारखी कामाला लागले. कासाराकडचा सगळा पेंढा उचलला. कुकरची रबरी रिंग झिजली तर दोरा गुंडाळून चालवली. खोली पिशव्यांनी भरली. सगळ्यांत कापूस धरला, पांढराफेक, एकही डाग नाही. कंत्राटदाराशी दिवस ठरवायला मी पुन्हा नगरला गेले, उशीर झाला म्हणून मावशीकडे राहिले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परत आले तेव्हा ओसरीवर माझा सासरा आणि दीर चहा पीत बसले होते.

मी सरळ आतल्या खोलीत गेले. गोणपाट बाजूला केलं. खोली रिकामी होती, झाडून काढलेली.

तू मागून आलास. म्हणालास, 'हिरवी लागली, माले. एका रात्रीत सगळ्यांना. उकिरड्यात पुरून टाकल्या. तिकडं जाऊ नकोस, हाताला कपड्याला लागून येतं.' मी म्हटलं, 'कशी लागेल? काल सकाळी मी एकेक बघितली.' तेव्हा तू काय केलंस आठवतं? तू स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलंस आणि आवाज उतरवून म्हणालास, 'कुणाचा तरी हात लागला असेल. जाऊ दे, मनात ठेवू नको.' वा रे दादा! वहिनी तिथं आधण ठेवत होती. तिला ऐकू गेलं, आणि ती गप्प राहिली. मला वाटलं, गप्प आहे म्हणजे हिनंच केलं. पुन्हा हळद वाहिली असणार, माझी पीडा घरातून जावी म्हणून मुद्दाम वाहिली असणार.

बाहेर सासरा म्हणाला, 'मग, गुरुजी?' आणि तू म्हणालास, 'येते ती. कपडे भरतेय.'

मी उकिरड्याकडे गेले नाही. तू जाऊ नकोस म्हणालास ना! तुझ्या शब्दावर माझा विश्वास होता. वहिनीनं ओटी भरली तेव्हा मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. कुकर घ्यायला वळले तर तू म्हणालास, 'तिथं कशाला, राहू दे इथं.' खरंच, तिथं कशाला. तिथं मला काय शिजवायचं होतं आणि काय नाही हे मी ठरवणार नव्हतेच.

त्यानंतरचं श्रीगोंदं मी तुला सांगत नाही. तू विचारलंही नाहीस कधी. दिवाळीला यायचास, ओवाळून घ्यायचास, मुलांच्या शाळेच्या गोष्टी सांगायचास आणि माझ्या मनगटाकडे न बघता निघून जायचास. दर वेळी मी तुला सोडायला स्टँडवर यायचे आणि एसटी हलली की वाटायचं, आता वाकून विचारेल. पुढं मी तशी वाट बघणंही सोडून दिलं.

तिथं भांडी घासताना मी ती खेप पुन्हा पुन्हा कुकरात घालायचे. पेंढा नीट गार झाला होता का? वाफ कमी पडली का? शिट्टीचं तुझं बरोबर आणि माझं चुकीचं होतं का? आणि शेवटी येऊन वहिनीवर थांबायचे. बिचारीला मनातल्या मनात काय काय बोलले असेन.

आता ऐक, तुझ्या तेराव्याच्या आदल्या दिवशी काय झालं ते.

भिंतीपलीकडची गंगूबाई भेटायला आली. दुष्काळात खडी फोडायला जायची ती. ओसरीवर बसली, पदर तोंडाला लावून रडली, आणि मग तुझं गुणगान सुरू केलं. मी शेजारीच होते.

'काय सांगू मालूताई, गुर्जी न्हवतं, देव हुता आमचा. त्या दुस्काळात आमच्या घरात भाकरीसंगं कोरड्यासाला काय न्हाई. आन तुमच्या उकिरड्यावर, तुमी सासरी गेल्यावर आठ-धा दिसांनी, मोरीचं पानी जातं न्हवं तिथं, ह्या छत्र्या! घोसच्या घोस. पांढऱ्याफेक. पोरगी म्हनली, आये, फुलं उगावल्यात. मी म्हनलं, हात लावू नगं, ईखारी असत्याल. तवर गुर्जी आलं. सवताच्या हातानं खुडल्या आन माझ्या पदरात टाकल्या. म्हनले, गंगूबाई, खावा, ईखारी न्हाईत, लई चांगल्या हायती. आमी आठवडाभर खाल्ल्या बघा. मटनावानी लागायच्या. आन म्हनले, कुनाला सांगू नका. मंजी बघा, किती साधा मानूस! केलेलं बोलून दावायची सवयच न्हाई.'

ओसरीवरचे लोक माना डोलवत होते. कुणी तरी म्हणालं, 'अशी माणसं आता होत नाहीत.'

मी म्हटलं, 'हिरवं होतं का हो गंगूबाई त्यावर काही?'

'हिरवं? छा! दुधावानी पांढऱ्या.'

वहिनी दाराच्या चौकटीला टेकून बसली होती. तिनं खाली मान घातली. मी उठून तिच्याजवळ गेले, तेव्हा ती पुटपुटली, 'मी खोलीत गेले नव्हते हो मालूताई. देवाशप्पथ, हळदीची डबीसुद्धा नेली नव्हती. तुम्ही नगरला होतात, ते लोक सकाळीच आले. ह्यांनी त्यांना आधीच शब्द दिला होता. मग पिशव्या फाडून स्वतः पुरल्या. मला म्हणाले, बोलू नकोस, तिचा संसार मोडेल. मी म्हटलं, निदान माझं नाव तरी नका घेऊ. तर म्हणाले, मी कुठं नाव घेतलंय.'

हे तुझंच वाक्य. मी आवाजासकट ओळखलं.

का रे केलंस? गावात तोंड दाखवायला लाज वाटत होती म्हणून? शाळेत कुणी बोललं? तुझी लेक मोठी होत चालली होती, तिच्या लग्नात कुणी नाव ठेवील म्हणून? की घरातली दोन माणसं वादाला लागण्यापेक्षा एक माणूस घालवणं सोपं वाटलं? यातलं काहीही माझ्या तोंडावर बोलला असतास तर मी भांडले असते, आकांडतांडव केलं असतं, शिव्या घातल्या असत्या, आणि गेलेही असते कदाचित. पण माझंच काम नासलं असं मला सांगितलंस. माझ्या हातावरचा माझा विश्वास तू उकिरड्यात पुरलास. मार खाताना मला वाटायचं, आपल्याला एवढंसुद्धा जमलं नाही, मग जायचं तरी कुठं. ते तुझं देणं. नवऱ्यानं तेवढं नव्हतं केलं माझं वाटोळं.

आणि त्यावर कडी म्हणजे खुडायला गेलास. पुरलेलं वर आलं तेव्हा तुला काय वाटलं असेल, हे मी तेव्हापासून डोळ्यापुढं आणून बघतेय. तू उकिरड्यावर वाकलायस, हातात माझा घोस. काठीनं मोडून टाकू शकला असतास. मोडला नाहीस. उपाशी माणसाच्या पदरात टाकलास. तो तू होतास. तोही तूच होतास. हेच मला सहन होत नाही. निव्वळ वाईट असतास तर मी केव्हाच तुला विसरून गेले असते.

गंगूबाईच्या पोरीनं आठवडाभर पोटभर खाल्लं. तेवढ्यासाठी तुला हात जोडते. बाकीच्यासाठी नाही.

तुझा पुण्याचा मित्र तेराव्याला आला होता. मी त्याच्याकडे बी मागितलं. तो म्हणाला, 'पण तो प्रयोग फसला ना? दादानं तसं कळवलं होतं.' मी म्हटलं, 'नाही फसला. गावानं खाल्ला.' काल एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती बाटली आली, तोंडाला कापसाचा बोळा, तश्शीच.

मी कासाराकडे गेले. या वेळी त्यांनी बांगड्यांचं विचारलंच नाही. तुझ्याबद्दल दोन शब्द बोलले आणि पेटी उपडी केली. पेंढा वहिनीनं कापायला घेतला. हो, वहिनीनं. पूर्वी ती विळीवर बसली की बांगड्यांचा आवाज यायचा, आता नुसती विळी वाजते. तिनं कुकर उतरवून दिला आणि शिट्टी हातात घेऊन मला विचारलं, 'आधी लावायची की नंतर?' मी म्हटलं, 'नंतर. आधी हवा जाऊ दे.' तू असतास तर बोलला असतास काहीतरी. मी थांबले होते क्षणभर, सवयीनं.

आज सकाळी श्रीगोंद्याहून दीर आला मला न्यायला. ओसरीवर बसला, तुझ्याच जागी. वहिनीनं रीतीप्रमाणं चहा दिला. तो म्हणाला, 'झालं ना सगळं? मग निघायचं का?' मी आत पेंढा दाबून बघत होते, थेंब पडतोय का ते. पेंढा तसाच मुठीत राहिला. त्या दिवशी उभी होते तिथंच आजही उभी होते.

वहिनी कधी परक्या पुरुषापुढं बोललेली नाही, तुला माहीतच आहे. डोक्यावरचा पदर सारखा करून ती उंबऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली, 'मालूताई येणार नाहीत. त्या इथंच राहतील.'

बस, एवढंच. तो उठून गेला. एवढंच वाक्य होतं रे दादा. त्याचा चहासुद्धा गार झाला नव्हता.